उपासनेचा क्रम

ख्रिस्ती मंदिरात रविवारी चालणारी उपासना बाहेरून पाहणाऱ्यास अनेक सुट्या विधींचा समुच्चय वाटण्याचा संभव आहे. लोक उभे राहतात, गीते गातात, गुडघे टेकतात, शास्त्रवाचन ऐकतात, दान देतात, भाकर व द्राक्षरस घेतात आणि आपापल्या घरी जातात. यांपैकी कोणती गोष्ट आधी का व कोणती मागाहून का, हा प्रश्न वर्षानुवर्षे तेथे जाणाऱ्यांच्या मनासही क्वचितच शिवतो. पण या उपासनेचा अर्थ तिच्या एकेका विधीत जितका आहे त्याहून अधिक त्यांच्या क्रमात आहे, आणि तो क्रम मनुष्याने देवासमोर व शेजाऱ्यासमोर कसे उभे राहावे याचे एक सुसंगत शिक्षण आहे, असे माझे मत आहे.

हा क्रम अर्वाचीन नव्हे. इसवी सन 112 च्या सुमारास बिथिनिया प्रांताचा रोमन सुभेदार प्लिनी याने सम्राट ट्राजनकडे पाठविलेल्या खलित्यात या नव्या पंथाच्या लोकांची जबानी नमूद आहे. नेमल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमावे, ख्रिस्ताला देव मानून आळीपाळीने स्तोत्र म्हणावे, चोरी, लूट, व्यभिचार व विश्वासघात न करण्याची शपथ घ्यावी आणि पुढे पुन्हा एकत्र येऊन साधे अन्न सेवन करावे, याहून अधिक गंभीर असा गुन्हा तपासात निघाला नाही. याच तपासासाठी ज्या दोन दासींचा छळ करण्यात आला त्या मंडळीत सेविका म्हणून मानल्या जात, हेही त्याच कागदात आहे. पुढे 155 च्या सुमारास रोम येथे जस्टिन या तत्त्वज्ञाने सम्राटास उद्देशून जे समर्थन लिहिले, त्यात रविवारच्या सभेचे वर्णन अधिक विस्ताराने येते: प्रेषितांच्या आठवणींचे किंवा संदेष्ट्यांच्या लेखांचे वाचन, प्रमुखाचा उपदेश, सर्वांनी उभे राहून केलेली प्रार्थना, भाकर व पाणी मिसळलेला द्राक्षरस यांवर उपकारस्तुती, लोकांचे ‘आमेन’, मग वाटप, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी पाठविलेला वाटा. आज वसईच्या कॅथलिक मंदिरात मराठी मिस्सा, म्हणजे प्रभुभोजनाची उपासना, ऐकणाऱ्यास हाच सांगाडा ओळखता येईल. नगरकडील प्रॉटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजन दर रविवारी होत नसले, तरी ज्या रविवारी ते होते त्या दिवशी तेथेही तोच आढळेल.

आता या सांगाड्याचा अर्थ पाहू. मिस्साच्या प्रारंभी पापांगीकार असतो, आणि तो वेदीजवळच्या धर्मगुरूसही चुकत नाही. तो लोकांबरोबर, लोकांसमक्ष, आपला अपराध मान्य करतो. काही परंपरांत हा अंगीकार वाचनानंतर येतो, परंतु भोजनापूर्वी तो झाला पाहिजे या तत्त्वाविषयी मतभेद नाही. आपण निर्दोष आहोत या समजुतीने आलेला मनुष्य केवळ इतरांचे दोष ऐकण्यासाठी बसतो. त्याला उपदेश लागू होत नाही.

त्यानंतर वाचन. यहुदी सभास्थानात नियमशास्त्र व संदेष्टे यांचे वाचन होई, त्या परंपरेचा हा वारसा होय. रोमन मंडळीत 1969 च्या सुधारणेनंतर रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र ठरले, आणि त्याच सुमारास, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या 1963 च्या निर्णयास अनुसरून, लॅटिनच्या जागी लोकभाषा आल्या. वाचनांचा क्रम नेमून दिलेला असण्यात मोठे शहाणपण आहे: उपदेशकाला आपल्या आवडीचा उतारा निवडता येत नाही, आणि जे वचन त्याला स्वतःलाच अडचणीचे आहे तेही ठरल्या दिवशी त्याच्यासमोर येऊन उभे राहते. शुभवर्तमानातील अम्माऊसच्या वाटेवरील दोन शिष्यांच्या कथेत प्रथम शास्त्राचा उलगडा होतो व मग भाकर मोडताना प्रभूची ओळख पटते. ऐकणे आधी आणि भोजन मागाहून, हा उपासनेचा क्रम त्या कथेतही आहे.

अर्पणाच्या वेळी वेदीवर गहू व द्राक्षे नव्हे, भाकर व द्राक्षरस ठेवला जातो. निसर्गाच्या दानात शेतकऱ्याचा, दळणाऱ्याचा व भाजणाऱ्याचा श्रम मिसळल्यावर ते अर्पणास योग्य ठरते, म्हणजे मनुष्याचे कामही तेथे देवासमोर ठेवले जाते. परंतु दान वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, अशी येशूची आज्ञा असल्यामुळे शांतिदानाचा, म्हणजे एकमेकांना शांती देण्याचा, विधी आला. जस्टिनच्या वर्णनात तो अर्पणापूर्वी आहे. रोममध्ये तो भोजनाच्या अगदी आधी येतो, आणि 416 मध्ये पोप पहिले इनोसंट यांनी एका पत्रात त्या स्थानाचे समर्थन केले. स्थान बदलले, तरी वैर मनात धरून पंक्तीला बसता येत नाही हा आशय बदलला नाही.

आणि ही पंक्ती हेच उपासनेचे मर्म आहे. करिंथ येथे श्रीमंत लोक आधी जेवून तृप्त होत व गरीब उपाशी राहत, तेव्हा प्रेषित पौलाने त्यांना निक्षून बजावले की, हे प्रभूचे भोजन नव्हे. महाराष्ट्रात या विधीचे गांभीर्य समजण्यास दूर जावे लागत नाही. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये रानडे-टिळकांसारख्या थोरांच्या उपस्थितीत झालेल्या चहापानावरून ग्रामण्य माजले, शंकराचार्यांपर्यंत फिर्याद गेली व प्रायश्चित्ताचा वाद पेटला. जेथे चहाच्या पेल्यावरून एवढे वादळ उठत होते, तेथे भिन्न जातींत जन्मलेल्यांनी एका प्याल्यास ओठ लावणे ही समाजाच्या पायालाच हात घालणारी कृती होती. तरीही जातिभेद येथील मंडळ्यांतून सर्वत्र नाहीसा झाला, असे म्हणता येत नाही. आणि जेथे तो उरला तेथे पौलाचा करिंथकरांना दिलेला निकाल आजही जसाच्या तसा लागू आहे.

शेवटी आशीर्वाद देऊन लोकांना निरोप दिला जातो, पण उपासना तेथे संपत नाही. जमलेले दान अनाथ, विधवा, आजारी, बंदिवान व परके यांच्यासाठी खर्च होई, असे जस्टिन त्याच वर्णनात सांगतो. चौथ्या शतकातील योहान ख्रिसोस्तोम याने तर मंदिरात ख्रिस्ताला रेशमाने सजवून बाहेर थंडीने कुडकुडणाऱ्या ख्रिस्ताकडे पाठ फिरविणाऱ्यांची कठोर शब्दांत कानउघाडणी केली. अपराध मान्य करणे, ऐकणे, समेट करणे, एका पंक्तीत बसणे आणि वाटून देणे, हा क्रम ज्याने तासाभरात तोंडाने व हाताने पार पाडला, त्याने तो उरलेल्या सहा दिवसांत पाळावा, एवढीच त्या उपासनेची मागणी आहे. आणि ती मान्य केल्यावाचून तिचा अर्थ कोणाला कळला असे म्हणता येणार नाही.