तिकीट न काढलेली माणसं

नोव्हेंबर २०२० मध्ये की वेस्टच्या मतदारांनी आपल्या बंदराविषयी तीन ठरावांवर मतं दिली. फ्लोरिडाच्या दक्षिण टोकाचं हे छोटं बेट. वस्ती २५ हजारांच्या आसपास, आणि करोनापूर्वी क्रूझ जहाजांतून तिथे वर्षाला उतरणारे प्रवासी मात्र जवळजवळ दहा लाख. दिवसाला १,५०० हून जास्त प्रवासी उतरू नयेत, १,३०० हून अधिक माणसांची जहाजं येऊ नयेत, पर्यावरण आणि आरोग्याच्या बाबतीत ज्या कंपन्या नीट वागतात त्यांना आधी जागा मिळावी, असे ते ठराव. तिन्ही ६० टक्क्यांहून अधिक मतांनी मंजूर झाले. पुढच्याच वर्षी फ्लोरिडाच्या विधिमंडळाने कायदा करून ते रद्दबातल ठरवले.

लोकांनी असं मत का दिलं? करोनामुळे जहाजं बंद असताना तिथल्या मच्छीमारांना पाणी नितळ झालेलं दिसलं होतं. मोठं जहाज उथळ वाटेने आत येतं, त्याचे पंखे तळाचा गाळ ढवळतात आणि तो प्रवाळांवर जाऊन बसतो. प्रवाळांना सूर्यप्रकाश लागतो. गाळाखाली ते गुदमरतात. प्रवाळ गेले की मासे जातात.

हवेचं दुखणं मात्र डोळ्यांना दिसत नाही. धक्क्याला लागलेलं जहाज आपल्याला विसावलेलं वाटतं. पण हजारो खोल्यांचे एसी, भटारखाने, दिवे यांना वीज हवी, म्हणून आत इंजिनं चालूच असतात. त्या धुरातले गंधकाचे आणि नायट्रोजनचे वायू, सूक्ष्म कण धक्क्यावरच्या हमालाच्या छातीत जातात, बंदराजवळच्या दमेकरी मुलाच्याही. काही जहाजं धूर समुद्राच्या पाण्याने धुतात आणि ते आम्लधर्मी पाणी पुन्हा समुद्रातच सोडतात. आपलं अंगण झाडून कचरा शेजाऱ्याच्या दारात लोटावा, तसंच हे. उपाय जुनाच आहे: अलास्कातल्या जुनो बंदरात २००१ पासून क्रूझ जहाजांना किनाऱ्यावरून वीज मिळते.

बंदर साऱ्या राज्याच्या पोटापाण्याचं असतं, एका गावाने ते कसं अडवावं, हा राज्याचा युक्तिवाद मला सहज झटकून टाकता येत नाही. गोव्यातली आणि कोकणातली कितीतरी घरं याच जहाजांवरच्या पगारावर उभी राहिली. पण रोजगाराचं मोल मोजताना कुणाच्या श्वासाचं मोल शून्य धरायचं, हे कोण ठरवतं? प्रवाशाने सुट्टीचे पैसे दिले, कंपनीने नफा घेतला, राज्याने कर घेतला. ज्याने तिकीटच काढलं नाही, त्याने किंमत मोजली. आणि त्याने सनदशीर मार्गाने ‘पुरे’ म्हटलं, तर त्याचं मतच पुसलं गेलं. मला यातला अन्याय धुराहूनही गडद वाटतो.

कंपन्यांच्या शब्दावर विसंबावं, तर २०१६ ची गोष्ट आठवते. प्रिन्सेस क्रूझेसने तेलकट पाणी चोरून समुद्रात सोडल्याचा गुन्हा मान्य केला. दंड चार कोटी डॉलरचा. हे उघड केलं कंपनीच्याच एका जहाजावर नव्याने रुजू झालेल्या इंजिनिअरने. त्याने नोकरी सोडली, पण गप्प राहिला नाही. जहाजावर पोट असलेल्या माणसालाही समुद्राची चाड असू शकते.

की वेस्टची नगरपालिकाही हटली नाही. २०२२ मध्ये तिने आपल्या ताब्यातले दोन धक्के मोठ्या जहाजांना बंद केले. खासगी कंपनी चालवते तो धक्का तिच्या हाताबाहेर राहिला.

मुंबईत बॅलार्ड पिअरला सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. एका वेळी पाच जहाजं, वर्षाला दहा लाख प्रवासी, अशी त्याची क्षमता. उभ्या जहाजांची इंजिनं बंद ठेवता येतील इतकी वीज धक्क्यावर आहे का, धूर धुतलेलं पाणी बंदरात सोडायला मनाई आहे का, धक्क्यालगतच्या हवेची मोजणी रोज लोकांसमोर येणार का, हे फोर्ट-कुलाब्याच्या रहिवाशांनी, गोदी कामगारांनी आणि ससून डॉकच्या कोळी बांधवांनी आत्ताच विचारायला हवं. पाचही जहाजं रोज धक्क्याला लागू लागली की बंदर प्राधिकरणाला नकार देणं आजच्याहून कठीण होईल.