वाट, दगड आणि समेट

लेखकाचे आयुष्य बागेच्या आकृतिबंधात मांडता येईल काय, हा प्रश्न वरकरणी उद्यानरचनेचा वाटतो; वस्तुतः तो चरित्रलेखनाचा आणि म्हणूनच नीतीचा प्रश्न आहे. आयर्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील ट्रामोर या गावी २०१५ मध्ये खुल्या झालेल्या लाफ्काडिओ हर्न जपानी उद्यानात हिंडताना हा प्रश्न मला टाळता आला नाही.

हर्नचा जन्म १८५० साली लेफ्काडा या ग्रीक बेटावर झाला. आई रोझा कासिमाती ग्रीक, वडील ब्रिटिश लष्करातील आयरिश शल्यवैद्य. दोन वर्षांचा असताना तो डब्लिनला आला. पुढे आई मायदेशी परतली, विवाह रद्दबातल ठरला आणि मायलेकरांची पुन्हा कधीच भेट झाली नाही. वडिलांच्या मावशीने त्याला वाढवले. तिच्याबरोबर तो उन्हाळ्यात ट्रामोरला येत असे. सोळाव्या वर्षी एका डोळ्याची दृष्टी गेली, एकोणिसाव्या वर्षी त्याची अमेरिकेत रवानगी झाली. सिनसिनाटी, न्यू ऑर्लिन्स, मार्टिनिक आणि १८९० मध्ये जपान, असा हा प्रवास. तेथे कोइझुमी सेत्सुशी विवाह करून १८९६ मध्ये तो जपानी नागरिक कोइझुमी याकुमो झाला आणि १९०४ मध्ये तोक्योत निवर्तला.

ट्रामोरची बाग हा प्रवास पायाखाली आणून देते. व्हिक्टोरियन, अमेरिकी आणि ग्रीक वळणाच्या बागांतून आपण जपानी बागेकडे जातो आणि शांती व सौहार्द यांना वाहिलेल्या भागाशी पोहोचतो. रचना सुबक आहे आणि तिच्यामागचा स्नेहभावही खरा आहे. परंतु फलकांवर काय लिहिले आहे याहून वाटेची दिशा काय सांगते, याचा विचार करायला हवा. वाटेला आरंभ असतो आणि शेवटही असतो. त्यामुळे मधले प्रत्येक स्थळ आपोआप शेवटाची पूर्वतयारी ठरते. आपली चरित्रात्मक समीक्षा यापेक्षा वेगळे काय करते? लेखकाच्या आयुष्याचे ‘कालखंड’ पाडायचे, प्रत्येक दुःखाला पुढच्या ग्रंथाचे बीज म्हणायचे आणि परिपक्वतेच्या शिखरावर नेऊन लेखकाला निरोप द्यायचा, ही आपल्याही अंगवळणी पडलेली रीत आहे.

मात्र या वाटेवर भेटलेली माणसे टप्पे नव्हती. रोझा १८८२ मध्ये कॉर्फूच्या मनोरुग्णालयात वारली. तिचे आयुष्य हर्नच्या पोरकेपणाची प्रस्तावना म्हणून घडलेले नाही. सिनसिनाटीत १८७४ मध्ये हर्नने अलेथिया फोली या गुलामगिरीत जन्मलेल्या स्त्रीशी लग्न केले. ओहायोच्या तत्कालीन कायद्याला असा आंतरवंशीय विवाह मान्य नव्हता. त्याची वृत्तपत्रातली नोकरी गेली, दोघे विभक्त झाले आणि १८७७ मध्ये तो न्यू ऑर्लिन्सला निघून गेला. त्याच्या मृत्यूनंतर अलेथियाने वारसाहक्काचा दावा केला. तो टिकला नाही. ‘अमेरिकी कालखंड’ या दोन शब्दांत या स्त्रीचे काय होते?

याचे उत्तर शोधताना हर्नच्याच एका कथेचे स्मरण होते. १९०० साली प्रसिद्ध झालेल्या संग्रहात त्याने ‘समेट’ या अर्थाच्या शीर्षकाखाली एक जुनी जपानी कथा नव्याने सांगितली. दारिद्र्याला कंटाळलेला सामुराई पहिल्या पत्नीला सोडून प्रतिष्ठेसाठी दुसरे लग्न करतो. वर्षांनी पश्चात्ताप होऊन तो परततो. पडक्या घरात एका खोलीत दिवा असतो. पत्नी शिवणकाम करीत बसलेली असते. ती रागावत नाही. रात्रभर दोघे बोलतात. सकाळी त्याच्या शेजारी कफनात गुंडाळलेला सांगाडा आणि लांब काळे केस असतात.

या कथेला हर्नचा कबुलीजबाब म्हणणे हा समीक्षेचा उथळपणा होईल. त्याच्या आणि अलेथियाच्या दुराव्यात कायद्याचा आणि वर्णद्वेषाचाही वाटा होता. सामुराईला अशी कोणतीच सबब नव्हती. तथापि कथा एक कठोर सत्य सांगते: समेट एकट्याला करता येत नाही. ज्याला क्षमा हवी आहे त्यानेच क्षमेचा प्रसंग रचला, तर त्याच्या वाट्याला रात्रीपुरता आभास येतो.

यावर कोणी म्हणेल की स्मारक म्हणजे न्यायालय नव्हे. ते मान्य आहे. टाकून दिलेले मूल मोठेपणी परक्या भूमीत घर शोधते, याचा आनंद बागेने साजरा करावा यात अनुचित काही नाही. आक्षेप शांतीला नाही, ती किती स्वस्तात मिळाली याला आहे. आपल्या रसचर्चेच्या परिभाषेत सांगायचे तर, करुणाला बगल देऊन गाठलेला शांत हा रस नसून केवळ विसावा असतो.

विशेष म्हणजे हर्नला प्रिय असलेली बाग अशी वाटेची नव्हती. मात्सुए येथील सामुराई वस्तीतले जे घर त्याने १८९१ मध्ये भाड्याने घेतले होते, त्याची लहानशी बाग घरात बसून पाहण्यासाठी होती. तिच्यावर लिहिताना त्याने बजावले की जपानी बाग कळायची तर आधी दगडाचे सौंदर्य कळले पाहिजे. दगड कोठेही पोहोचत नाही, पुढच्या कशाची तयारी करीत नाही. तो आहे तेथे असतो आणि पाहणाऱ्याने त्याच्यापुढे थांबावे एवढेच मागतो. बसून पाहण्याच्या बागेला शेवट नसतो, म्हणून तिच्यात कोणी टप्पाही नसतो.

चरित्र वाचतानाही अशा थांबण्याची गरज आहे. रोझा आणि अलेथिया यांना हर्नच्या कथेत सामावून घेणे हा त्यांना न्याय नव्हे. त्या तेथे मावत नाहीत हे ओळखणे ही न्यायाची सुरुवात आहे. ट्रामोरला मी शेवटच्या बागेतून बाहेर पडण्याऐवजी आलेल्या वाटेने माघारी फिरलो. उलट चालताना सौहार्द मागे राहिले, अमेरिका पुन्हा समोर आली आणि मघाशी ओलांडून गेलेल्या जागी या वेळी थांबावे लागले.