नव्वद टक्के

सिएटलच्या मित्राने ओढ्याकाठच्या एका झाडाचा फोटो पाठवला. पांढरा फुलोरा, कोथिंबीर फुलायला सोडली की येतो तसा, छत्रीसारखा. ‘ॲप म्हणतंय वॉटर पार्सली, ९० टक्के. सूप करू का? तू झाडं लावतोस ना, सांग.’

माझा अनुभव केवढा, तर पुण्यात गॅलरीतल्या टबात तीन वर्षं ब्राह्मी. गोलसर पानांची, पसरत पेरापेराला मुळं सोडणारी. तीही ओल्या जागेतली, बारमाही आणि गाजर-कोथिंबिरीच्या कुळातली. मावशी मात्र बारीक, मांसल पानांच्या नीरब्राह्मीलाच ब्राह्मी म्हणते. ती वेगळ्याच कुळातली. आमचा हा वाद जुना आहे, पण हरणाऱ्याची फार तर चटणी कडू होते.

सिएटलकडच्या ओढ्यांकाठी वॉटर हेमलॉकही उगवतं. कूळ तेच, फुलोरा तसाच, तेही बारमाही. त्यातल्या विषाने झटके येतात. विष सगळ्यात जास्त मुळात, आणि मुळाचा छोटा तुकडाही जीव घेऊ शकतो. पानाच्या शिरा दात्यांच्या टोकाला जातात की खाचेत, बुंधा उभा कापला तर आत पडदे दिसतात का, अशा खुणा आहेत. पण एकट्या खुणेवर विसंबता येत नाही, आणि फोटोत बुंधा नव्हताच.

ॲपचे ९० टक्के बऱ्याच फोटोंचे मिळून असतात. त्याच्यासमोरचं झाड एकच, ते एकतर हे किंवा ते. आमच्या कामात चुकलं तर रोलबॅक करतो. सूप प्यायल्यावर कसला रोलबॅक?

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाच्या १८७७च्या निबंधात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं, मनात शंका, तरी स्वतःची समजूत घालून तो प्रवासी पाठवतो. क्लिफर्ड म्हणतो, जहाज सुखरूप पोचलं असतं तरी हा तेवढाच दोषी. मला हे अती वाटायचं. टेस्ट न करता ढकललेला कोड चालला, तर आमच्याकडे पाठ थोपटतात.

मी लिहिलं, ‘माहीत नाही. खाऊ नकोस. हात लावला असशील तर धू.’

‘ॲपने निदान उत्तर तरी दिलं,’ तो म्हणाला.

ते लागलं. कारण माझ्या ‘माहीत नाही’मध्ये त्याची काळजी होती, तशी उद्या आपल्यावर नको ही भीतीही होती. किती काळजी, किती भीती, याची टक्केवारी मला काढता येत नाही. रविवारी तिथल्या एका जाणकाराला घेऊन ओढ्यावर जातो म्हणालाय. काय निघालं, अजून कळवलेलं नाही.