तिथे कोण भेटेल?



नोव्हेंबर महिना आपण आपल्या मृत आप्तांसाठी राखून ठेवतो. २ तारखेला आपण दफनभूमीत गेलो, मेणबत्त्या लावल्या, कबरींवर फुले वाहिली आणि एकेकाचे नाव घेऊन प्रार्थना केली. त्याच संध्याकाळी आपल्या वाचन मंडळात एका कादंबरीविषयी बोलणे झाले. ते बोलणे अजून माझ्या मनातून जात नाही, म्हणून हे चार शब्द.

हे वाचन मंडळ कसे सुरू झाले ते तुम्हांला ठाऊक आहेच. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेत, म्हणजे आजच्या धाराशिवमध्ये, ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि त्याचे अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. आपल्यापैकी काही जण येडशीहून ते पाहायला गेले होते. एक धर्मगुरू मराठी सारस्वतांच्या व्यासपीठावर बसलेला पाहून आपल्यालाही वाटले की, आपणही थोडे वाचावे. फादर २५ जुलै २०२४ रोजी प्रभूच्या घरी गेले. वाचनाची ती गोडी मात्र येथे टिकली.

पुण्यास नोकरी करणाऱ्या आपल्या एका तरुणाने त्या संध्याकाळी एका इंग्रजी कादंबरीची गोष्ट मराठीत सांगितली. ‘द फाइव्ह पीपल यू मीट इन हेवन’ हे तिचे नाव. अमेरिकन लेखक मिच अल्बम यांनी ती लिहिली आणि ती २००३ साली प्रसिद्ध झाली. एडी नावाचा म्हातारा समुद्रकाठच्या एका करमणूक बागेत पाळण्यांची दुरुस्ती करतो. आपले आयुष्य फुकट गेले असे त्याला वाटत असते. ८३ व्या वाढदिवशी, तुटून खाली येणाऱ्या पाळण्याखालून एका लहान मुलीला वाचवायला तो धावतो आणि मरतो. स्वर्गात त्याला एकामागून एक पाच माणसे भेटतात. काही ओळखीची, काही अगदी अनोळखी. आपल्या आयुष्याची जी गाठ त्याला कधी सुटली नव्हती, ती प्रत्येक जण थोडी थोडी सोडवून दाखवतो. शेवटी भेटते ताला नावाची लहान मुलगी. युद्धात फिलिपिन्समध्ये एडीने पेटवलेल्या झोपडीत ती होरपळून मेलेली असते. ती त्याच्या हातात एक दगड देते आणि नदीत आपले अंग धुवायला सांगते. तो धुऊ लागतो, तशी तिची जळालेली त्वचा गळून पडते.

गोष्ट संपली तेव्हा खोलीत कोणी बोलेना. मग एकेक जण बोलू लागला.

आपल्या शिक्षिका ताई म्हणाल्या, “फादर, मला फार धीर आला. आपण रोज करतो ती बारीकसारीक कामे कुणाच्या तरी उपयोगी पडत असतात, आपल्याला फक्त ती दिसत नाहीत.” आपल्या ज्येष्ठ श्रद्धाशिक्षकांना मात्र राग आला होता. “ह्या स्वर्गात देव कुठे आहे? पाच माणसे भेटली, पण प्रभू भेटलाच नाही!” असे ते म्हणाले. आणि कोपऱ्यात बसलेली एक आजी, जिला लिहिता-वाचता येत नाही, ती सर्वांत शेवटी बोलली. “फादर, त्याला पाच माणसं भेटली. मला पाच नकोत. माझी दोन लेकरं भेटली तरी लई झालं. भेटतील का?”

ही आजी कोणत्या गावची हे मी येथे लिहीत नाही. इतकेच सांगतो की, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायच्या जरा आधी, लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत जी घरे कोसळली, त्यांत तिचे घर होते.

बंधुभगिनींनो, पहिल्या दोघांना उत्तर देणे मला सोपे होते. ताईंचे म्हणणे खरेच आहे. आपण सुटे सुटे जगत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००७ साली आशेविषयी जे परिपत्रक लिहिले, त्यातही हेच सांगितले आहे की, एकाचे जीवन दुसऱ्याच्या जीवनात गुंतलेले असते. म्हणूनच मृतांसाठी केलेली आपली प्रार्थना त्यांच्यापर्यंत पोचते. श्रद्धाशिक्षकांचे म्हणणेही खरे आहे. आपल्या श्रद्धेचा स्वर्ग म्हणजे केवळ माझ्या आयुष्याचा खुलासा नव्हे. स्वर्ग म्हणजे देवाला समोरासमोर पाहणे. पण कादंबरी म्हणजे काही धर्मशिकवणीचे पुस्तक नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्ही प्लेटोचा ‘फेडो’ हा संवाद वाचला होता. विषाचा प्याला घेण्याआधी सॉक्रेटिस मित्रांना परलोकाची एक कथा सांगतो आणि मग प्रामाणिकपणे म्हणतो की, हे सारे अगदी असेच आहे असा हट्ट शहाण्या माणसाने धरू नये, तरी अशी आशा बाळगण्याचे धाडस करण्याजोगे आहे. कादंबरी फार तर त्या धाडसाला बळ देते. त्या धाडसाचा पाया मात्र आपल्याला रिकाम्या कबरीपाशी शोधावा लागतो.

पण आजीला काय सांगायचे?

त्या कादंबरीत एडीला एकच प्रश्न छळत असतो: ती मुलगी वाचली का? शेवटी त्याला कळते की वाचली, आणि वाचकही सुटकेचा श्वास टाकतो. पण वाचली नसती तर? १९९३ च्या त्या पहाटे ज्यांनी नुसत्या हातांनी दगडमाती उपसली आणि ज्यांच्या हाती जिवंत कोणीच लागले नाही, त्यांच्या प्रेमाचे मोल काय?

आपल्या येडशीच्या माणसाला हा प्रश्न नवा नाही. रामलिंगच्या दरीत आपण सारेच जातो. सीतेला सोडवण्यासाठी जटायू रावणाशी येथेच झुंजला असे आपले हिंदू शेजारी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. तो म्हातारा पक्षी हरला. सीता काही सुटली नाही. तरी लोक रावणाच्या विमानाचे कौतुक करत नाहीत, त्या हरलेल्या पक्ष्याची आठवण जपतात. हरलेले प्रेम वाया जात नाही, हे माणसाच्या काळजाला आतून ठाऊक असते. आणि आपण तर दर शुक्रवारी ज्याची आठवण करतो, त्या क्रुसावरच्या प्रभूकडे पाहून त्या दिवशी कोण म्हणाले असते की हा जिंकला? पित्याने त्याला तिसऱ्या दिवशी उठवले. म्हणून आपण म्हणू शकतो की, ढिगाऱ्यात झिजलेली ती बोटेही देवाच्या हिशेबी आहेत.

मी आजीला “हो, भेटतील” एवढेच म्हणालो. तिने लगेच विचारले, “केवढी असतील ती? तेवढीच लहान, का मोठी झाली असतील?”

संत ऑगस्टीन यांनी ‘देवाचे नगर’ या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात हाच प्रश्न घेतला आहे. बालपणी मेलेली मुले पुनरुत्थानाच्या वेळी पूर्ण वाढलेल्या शरीरानिशी उठतील, असे त्यांचे मत. मला ते पाठ होते. पण त्या माऊलीपुढे मला ते बोलवेना. जिने मुलांना पाच आणि सात वर्षांचेच पाहिले, तिला मोठी, परकी माणसे कशाला हवीत? मी तिला योहानाच्या शुभवर्तमानातली मग्दालियाची गोष्ट सांगितली. पुनरुत्थित प्रभू समोर उभा असूनही तिने त्याला ओळखले नाही, तिला तो माळी वाटला. मग त्याने तिला नावाने हाक मारली आणि त्या हाकेसरशी तिने ओळखले. मी म्हणालो, “आजी, ती केवढी असतील ते मला माहीत नाही. पण तुम्ही हाक माराल आणि ती ओ देतील.”

आजी बराच वेळ गप्प होती. मग तिने दोघांची घरातली लाडकी नावे उच्चारली. म्हणाली, “इतक्या वर्षांत ही नावं कुणापुढं काढली नव्हती. त्यांच्यासाठी मिस्सा ठेवा, फादर.” पुढच्या रविवारी आपण ती मिस्सा अर्पण केली. पत्रकात लिहिलेली ती दोन नावे कोणाची, असे तुमच्यापैकी काहींनी मला विचारले होते. त्यांची.

आता थोडे आपल्याविषयी. त्या कादंबरीतल्या एडीला बापाला क्षमा करायला मरेपर्यंत थांबावे लागले. आपण का थांबायचे? बांधावरून ज्या भावाशी बोलणे तुटले आहे, लग्नाच्या मानपानावरून जी बहीण दुरावली आहे, आईच्या आजारपणात कोणी किती पैसे दिले यावरून जी घरे फुटली आहेत, ती माणसे अजून जिवंत आहेत. एका फोनच्या किंवा एसटीच्या एका तिकिटाच्या अंतरावर आहेत. स्वर्गात ज्यांच्यापुढे मान खाली घालावी लागेल, त्यांच्या दारी आजच जाऊन येऊ या.

आणि आपल्या मृतांना विसरू नका. मक्काबी बंधूंच्या दुसऱ्या पुस्तकात यहूदा मक्काबी आपल्या पडलेल्या सैनिकांसाठी वर्गणी गोळा करून पापार्पणासाठी यरुशलेमेस पाठवतो. ते मेले, संपले, असे तो म्हणत नाही. या महिन्यात प्रत्येक घराने एक काम करावे. रात्रीच्या रोझरीनंतर आपल्या घरातल्या मृतांची नावे मोठ्याने घ्यावीत. लहान मुलांना ती ऐकू द्यावीत. ज्या नावांनी रडू येते, ती नावेही घ्यावीत.

प्रार्थना करू या: हे प्रभू, लाजरसच्या कबरीपाशी तू रडलास. आमच्या अश्रूंना तू परका नाहीस. येडशीच्या या मातीतून आणि आमच्या साऱ्या गावांतून जे तुझ्याकडे आले, त्यांना तुझ्या प्रकाशात ठेव. त्यांच्यासाठी झुरणाऱ्या आयांना धीर दे. आणि आमची हाक ऐकून ते ओ देतील त्या दिवसापर्यंत आम्हांला एकमेकांना क्षमा करायला शिकव. आमेन.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू