बंडखोर देवदूत आणि मत्सराची नीती

मिल्टनच्या 'पॅरडाइज लॉस्ट'मधील (१६६७) सैतान दुखावतो तो पुत्राच्या अभिषेकामुळे. ग्रेगरी वायडेन यांच्या 'द प्रॉफेसी' (१९९५) या चित्रपटातील गॅब्रिएल मात्र मनुष्याच्या आत्म्यामुळे. देवाने 'माकडांना' आपल्याहून वर स्थान दिले, हे त्याचे शल्य. त्याचे नाते त्यामुळे मिल्टनपेक्षा आदमपुढे झुकण्यास नकार देणाऱ्या कुराणातील इब्लिसशी अधिक जवळचे ठरते.

प्रश्न असा, की याला बंड म्हणावे काय? गॅब्रिएलला सिंहासन नको आहे. पूर्वीचे प्रेम परत हवे आहे. आज्ञापालन हाच ज्याचा स्वभाव, तो आज्ञाभंग करतो तोही जुनी श्रेणीव्यवस्था पुन्हा प्रस्थापित व्हावी म्हणून. वंचिताचा विद्रोह न्याय मागतो. हा विशेषाधिकार गमावलेल्याचा क्षोभ आहे. समीक्षेने या दोहोंची गल्लत करू नये.

तरीही त्याची तक्रार सहजी झटकता येत नाही. कृपेला जर निकषच नसेल, तर ती गमावलेल्याने दाद कोठे मागावी? चित्रपट हा प्रश्न कोरियन युद्धातील एका क्रूर कर्नलच्या आत्म्याच्या पाठलागात (थरारपटांची ही सवयच!) हरवून बसतो. ल्युसिफरचे प्रकरण अधिक सूक्ष्म आहे. तो मनुष्याला साहाय्य करतो, पण दुसरा नरक निर्माण होऊ नये म्हणून. कृत्य हितकर, हेतू स्वार्थी. कांटच्या कसोटीवर त्याला नैतिक मूल्य नाही. उलट गॅब्रिएलच्या संहारामागे निदान दुखावलेले प्रेम आहे. दीक्षेच्या क्षणी श्रद्धा गमावलेला पोलिस डॅगेट ल्युसिफरचे साहाय्य घेतो आणि अखेर त्याच्याबरोबर जाण्यास नकार देतो.