नाव एक, माणसे अनेक

स्नानसंस्काराच्या विधीत धर्मगुरू आईवडिलांना सर्वप्रथम एकच गोष्ट विचारतात : बाळाचे नाव काय ठेवले? अजून तेल लावलेले नसते, पाणी ओतलेले नसते, मेणबत्ती पेटलेली नसते. नाव आधी, बाकी सारे नंतर. ज्या गोष्टीला ख्रिस्तसभा एवढा मान देते, तिचा आपण कितीसा विचार करतो? नाव कानाला गोड लागते का, शाळेत हाक मारायला सोपे आहे का, शेजारच्या मुलाचे तेच तर नाही ना, एवढे पाहून आपण मोकळे होतो. हे नाव आपल्या आधी कोणी धारण केले आणि त्यांनी त्याचे काय केले, हा प्रश्न सहसा आपल्या मनात येत नाही.

आज तो प्रश्न एका नावाच्या निमित्ताने विचारू या. नाव आपल्या ओळखीचे आहे : गोन्सालो. संत गोन्सालो गार्सिया यांच्यामुळे ते आपल्या प्रार्थनेत आहे, वसईतील महाविद्यालयाच्या फलकावर आहे आणि घोन्साल्विस या आडनावाच्या रूपाने आपल्यापैकी कितीतरी घरांच्या दारावर आहे.

हे नाव आपल्याकडे पोर्तुगीजांनी आणले, हे आपल्याला ठाऊक आहे. पण ते मूळचे पोर्तुगीजांचेही नाही! पाचव्या शतकात रोमन साम्राज्य खिळखिळे झाले, तेव्हा जर्मानिक टोळ्या पिरेनीज पर्वत ओलांडून आजच्या स्पेन आणि पोर्तुगालच्या भूमीत उतरल्या. त्यांतील व्हिसिगॉथ लोकांचे राज्य तेथे ७११ सालापर्यंत चालले. ५८९ साली टोलेडोच्या धर्मसभेत त्यांच्या राजाने आपल्या पूर्वजांचा एरियसपंथ सोडल्याचे जाहीर करून कॅथलिक श्रद्धा कबूल केली. पुढे त्यांची भाषाही विरून गेली आणि ते लॅटिनमधून निघालेल्या बोली बोलू लागले. भाषा गेली, राज्य गेले, नावे मात्र उरली. जुन्या लॅटिन कागदपत्रांत 'गुंदिसाल्वुस' असे लिहिलेले नाव पोर्तुगालात गोन्सालो झाले, स्पेनमध्ये गोन्झालो झाले. त्यातील 'गुंद' म्हणजे लढाई. उरलेल्या अर्ध्या नावाच्या अर्थाबद्दल पंडितांचे एकमत नाही. गोन्सालोचा मुलगा तो गोन्साल्विस, रॉड्रिगोचा तो रॉड्रिग्ज, फर्नांडोचा तो फर्नांडिस. हीदेखील त्याच जुन्या जर्मानिक घराण्यातील नावे. आपल्या वाडीतील दारांवरच्या पाट्यांमध्ये दीड हजार वर्षांपूर्वीच्या एका लढवय्या टोळीची बोली अशी दडून बसली आहे.

आता या नावाची माणसे पाहू. पोर्तुगालच्या उत्तरेला तामेगा नदीच्या काठी अमरान्ते नावाचे गाव आहे. तेथे तेराव्या शतकात गोन्सालो नावाचे एक धर्मगुरू राहत होते. त्यांच्याविषयी एक आख्यायिका सांगतात. आपला धर्मग्राम पुतण्याच्या हाती सोपवून ते रोम आणि यरुशलेमच्या यात्रेला गेले आणि चौदा वर्षांनी परतले. पुतण्याने दरम्यान काका मेल्याचे सर्वांना सांगितले होते. दाराशी आलेल्या फाटक्या यात्रेकरूवर त्याने कुत्री सोडली. गोन्सालो यांनी कज्जा केला नाही. ते निघून गेले, डॉमिनिकन संघात दाखल झाले, लोकांना प्रवचने देत राहिले आणि नदी ओलांडताना माणसे बुडतात हे पाहून त्यांनी तेथे पूल बांधविला, असे परंपरा सांगते. १२५९ साली ते वारले. जुना पूल १७६३ च्या पुरात वाहून गेला आणि त्याच जागी दुसरा उभा राहिला. त्या पुलालाही लोक गोन्सालो यांच्याच नावाने ओळखतात. पुलाशेजारच्या चर्चमध्ये त्यांची कबर आहे. ख्रिस्तसभेने १५६१ साली त्यांना धन्यवादित घोषित केले. लोक मात्र त्यांना संतच म्हणतात. समुद्रापलीकडे ब्राझीलमध्ये रिओ दि जानेरोजवळ त्यांच्या नावाचे साओ गोन्सालो हे शहर आहे आणि तेथे आज सुमारे नऊ लाख माणसे राहतात.

इथपर्यंत सारे गोड आहे. पण नावाची यादी इथे संपत नाही.

१४४१ साली अंताव गोन्साल्विस नावाचा एक पोर्तुगीज नाविक पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गेला होता. सीलची कातडी आणि तेल आणण्याचे काम त्याला दिलेले होते. त्याने तेथून माणसे पकडून पोर्तुगालला नेली. अटलांटिक महासागरावरून चाललेल्या गुलामांच्या व्यापाराचा इतिहास सांगताना अभ्यासक या प्रवासापासून सुरुवात करतात. पुढची चार शतके लक्षावधी आफ्रिकन माणसे साखळदंडांत समुद्रापार नेली गेली. त्या दीर्घ पापाच्या पहिल्याच पानावर जे आडनाव आहे, ते आपल्या शेजाऱ्याचे आडनाव आहे.

शंभर वर्षांनी पेरू देशात गोन्झालो पिझारो होता. इंका लोकांचे राज्य जिंकणाऱ्या फ्रान्सिस्को पिझारोचा हा भाऊ. स्पेनच्या राजाने १५४२ साली नवे कायदे करून स्थानिक लोकांवरील वेठबिगारीला आळा घालायचे ठरविले, तेव्हा आपले हक्क जातील म्हणून त्याने बंड पुकारले. राजाचा प्रतिनिधी त्या लढाईत मारला गेला आणि १५४८ साली पिझारोचाही शिरच्छेद झाला. गोरगरिबांच्या पाठीवरचे ओझे हलके होऊ नये म्हणून हा माणूस लढला आणि मेला.

त्याच काळात तिसरा एक गोन्झालो होता, गोन्झालो ग्युरेरो. १५११ साली जहाज फुटून तो मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्याला लागला, माया लोकांच्या हाती सापडला, त्यांच्यातच राहिला, त्यांच्यातील मुलीशी लग्न करून मुलाबाळांचा बाप झाला. १५१९ साली कोर्टेसची जहाजे तेथे आली. ग्युरेरोचा सोबती आनंदाने स्वकीयांकडे परतला. ग्युरेरो बायकामुलांना सोडून जायला तयार झाला नाही. पुढे तो मायांच्या बाजूने स्पॅनिश सैन्याविरुद्ध लढला. स्पॅनिश लोकांच्या लेखी तो फितूर. आजच्या मेक्सिकोत मात्र त्याचे पुतळे आहेत.

संत, गुलामांचा शिकारी, बंडखोर सरदार आणि एकनिष्ठ बाप. नाव एकच! मग या नावाचे आपण काय करायचे?

आपली सवय अशी की, नावातले चांगले तेवढे उचलायचे. "संत गोन्सालो आमच्या वसईचे" असे सांगताना आपली छाती फुगते. त्यात वावगे काही नाही. पण अंताव गोन्साल्विसचा विषय निघाला की आपण लगेच म्हणतो, तो कोण कुठला, त्याच्याशी आमचा काय संबंध? हा हिशेब सरळ नाही. त्या नाविकाचे पाप आपल्या खात्यावर येत नसेल, तर हुतात्म्याचे पुण्यही आपोआप आपल्या खात्यावर येणार नाही. दोन्ही हक्काने मागता येत नाहीत आणि एक घेऊन दुसरे नाकारताही येत नाही. ही गोष्ट केवळ आडनावाची नाही. आपला गाव, आपली जात-जमात, आपले घराणे, अगदी 'ख्रिस्ती' हे आपले सर्वांचे सामाईक नाव, यांच्या बाबतीतही आपण हेच करतो. संतांचा उल्लेख निघाला की ते आपले, आणि गुलामांच्या जहाजावरचा नाविक ख्रिस्ती होता असे कोणी म्हटले की तो परका!

दुसरी एक सवय याच्या उलट आहे. ही नावे परक्यांची आहेत, राज्यकर्त्यांनी लादलेली आहेत, टाकून द्या, असे कधी बाहेरचे लोक म्हणतात, कधी आपलेच तरुण म्हणतात. त्यातही थोडे सत्य आहे. १५३४ च्या तहाने वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती जिंकली. मधल्या दोनशे वर्षांत ज्यांनी स्नानसंस्कार घेतला, त्यांना बहुधा धर्मपित्याचे किंवा धर्मगुरूचे आडनाव मिळाले. त्या वेळी आपल्या पूर्वजांना कोणी पसंती विचारली असेल, असे आपण समजू नये. पण नाव कोठून आले एवढ्यावरूनच ते आपले की परके हे ठरत असेल, तर पोर्तुगीजांनाही ते टाकावे लागेल, कारण त्यांच्याकडेही ते जेत्या टोळीबरोबरच आले. चारशे-पाचशे वर्षे ज्या नावाने आपली माणसे शेतात राबली, विहिरी खणल्या, लग्ने लावली आणि दफनभूमीत विसावली, ते नाव त्यांच्या घामाने आपले झाले आहे. आज कोणी मुलाला मराठी नाव ठेवत असेल तर तेही उत्तमच. जो नियम जुन्या नावाला, तोच नव्याला : नाव ठेवून काम संपत नाही.

हे आपल्याला सर्वांत स्पष्टपणे शिकविले ते संत गोन्सालो गार्सिया यांनी. वडील पोर्तुगीज आणि आई वसईची, असे हे लेकरू १५५६ च्या सुमारास वसईत जन्मले. लहानपणी येशूसंघीय धर्मगुरूंच्या हाताखाली शिकले आणि पंधरा-सोळा वर्षांचे असताना त्यांच्याबरोबर जपानला गेले. तेथली भाषा त्यांनी आत्मसात केली आणि कित्येक वर्षे धर्मशिक्षकाचे काम केले. येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची इच्छा मात्र पुरी झाली नाही. ते व्यापारात पडले, पुढे मनिलाला गेले आणि तेथे फ्रान्सिस्कन संघात साधे बंधू म्हणून दाखल झाले. धर्मगुरू ते कधीच नव्हते. १५९३ साली ते पुन्हा जपानला गेले ते दुभाषी म्हणून. इतरांचे शब्द इतरांपर्यंत नेणे, हे त्यांचे काम. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर सव्वीस जणांना क्रुसावर चढविण्यात आले, त्यांत ते होते. त्या सव्वीस जणांत जपानी प्रापंचिक होते आणि कोवळी मुलेही होती. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले. भारतात जन्मलेले ते पहिले संत.

ज्या नावात लढाई दडलेली होती, ते नाव घेऊन हा माणूस हातात शस्त्र न घेता मेला. ज्या नावाच्या लोकांनी माणसे बांधून नेली, त्याच नावाचा हा माणूस स्वतः बांधला गेला. नावाचा शब्दकोशातील अर्थ त्याला बदलता आला नाही. पण आज वसईत गोन्सालो म्हटले की लढाई कोणाला आठवते? नागासाकीचा क्रूसच आठवतो. नाव त्याला मोठेपण देऊ शकले नाही, त्याने नावाला दिले.

शुभवर्तमानातही एक प्रसंग आहे. पिलाताच्या अंगणात लोकांपुढे दोन कैदी उभे केले जातात. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या काही जुन्या हस्तलिखितांत बरब्बाचे नाव 'येशू बरब्बा' असे आढळते. येशू हे त्या काळी यहुदी घरांत सर्रास ठेवले जाणारे नाव होते. म्हणजे एकाच नावाचे दोघे समोर उभे आणि त्यांतून एक निवडायचा! लोकांनी नाव ऐकून निवड केली असती तर दोघे सारखेच होते. जीवन पाहून निवड करायची होती आणि तेथेच ते चुकले. बारा प्रेषितांतही यहूदा दोन होते. एकाने गुरूला धरून दिले. दुसऱ्याला, संत ज्यूड यांना, आपण सगळे मार्ग खुंटल्यावर हाक मारतो. एकाच्या विश्वासघातामुळे दुसऱ्याचे नाव बाद झाले नाही, कारण दुसऱ्याने आपले नाव आपल्या आयुष्याने राखले.

मग संतांचे नाव ठेवण्याला अर्थ काय? अर्थ आहे. ते बक्षीस म्हणून मिळालेले नाही, शिकाऊ उमेदवारासारखे आपण त्याखाली उभे राहायचे आहे. आपल्या गावांत पूर्वी लग्नकार्याला शेजाऱ्यांकडून मोठी भांडी मागून आणीत. ती वापरायची, घासूनपुसून परत करायची, आणि शेजारणीचे भांडे रिकामे पाठवायचे नाही, त्यात दोन वड्या किंवा मूठभर तांदूळ तरी घालायचे, अशी आपल्या आयाआज्यांची रीत होती. नाव हे असेच मागून आणलेले भांडे आहे. आपल्या आधी कोणी त्यात अन्न शिजविले, कोणी विषही कालविले. आपल्याला ते काही वर्षांसाठी मिळाले आहे. आपल्या नातवंडांच्या हाती ते काळवंडलेले द्यायचे की लख्ख, रिकामे की काहीतरी घालून, एवढेच आपल्या हाती आहे.

आज घरी गेल्यावर जेवणाच्या वेळी मुलांना त्यांच्या नावाची गोष्ट सांगू या. चांगली माणसे सांगू या आणि वाईटही लपवू नयेत. मग एकमेकांना विचारू या : या आठवड्यात आपल्या नावात आपण काय घातले? शेजाऱ्याशी बांधावरून चाललेला वाद, कामवाल्या बाईची थकलेली मजुरी, बोलणे सोडलेला भाऊ, उत्तर तेथूनच मिळेल.

हे प्रभो, तू मेंढरांना नावाने हाक मारणारा मेंढपाळ आहेस. आमच्या नावाने अनेकांना तू हाक मारली असशील. आता आमची पाळी आहे. हाक ऐकताच उठून येण्याची कृपा आम्हांला दे. आमेन.