वहिवाट

इंग्रज माणूस सुट्टीच्या दिवशी मुद्दाम पावसात चालायला जातो, ही गोष्ट आमच्या पेठेत कुणाला पटायची नाही. चालणे हे बस चुकली की करायचे असते. त्यातून हा गृहस्थ चालतो कुठून, तर दुसऱ्याच्या शेतातून! फाटक उघडायचे, मेंढ्यांकडे बघायचे, फाटक आठवणीने लावायचे. आणि चार मैल चिखल तुडवून शेवटी गाठायचे काय, तर पब. तोही दुसऱ्याच्याच मालकीचा. तरी म्हणणार 'आमची वाट', 'आमचा पब'! ज्यातले ढेकूळही आपल्या नावावर नाही, त्याला माणूस 'आपले' कसे म्हणतो? डर्बीशायरमध्ये पुतण्याच्या मागून धापा टाकताना मला हा प्रश्न पडला.

अर्थात हे 'आपले' फुकट मिळालेले नाही. तिथल्या किंडर स्काउटच्या पठारावर पूर्वी बड्या जमीनदारांचे शिकारीसाठी राखलेले पक्षी सुखाने नांदत आणि माणसाला मज्जाव. २४ एप्रिल १९३२ रोजी काहीशे तरुण, बरेचसे मँचेस्टरकडचे कामगार, सरळ वर चढले. रखवालदारांशी झोंबाझोंबी झाली आणि पाच जण तुरुंगात गेले. म्होरक्या बेनी रॉथमन वीस वर्षांचा. त्याला चार महिने. दोन वर्षांपूर्वी दांडीला चालत गेलेले आपले गांधीजी तेव्हा येरवड्यात होते. चालणाऱ्या माणसाची त्या राज्याला फार धास्ती असावी. पुढे १९४९ आणि २००० साली कायदे झाले, डोंगर खुले झाले आणि २००२ साली तिथल्या ड्यूकने आजोबांच्या वतीने जाहीर माफीही मागितली. सत्तर वर्षे लागली, पण मागितली.

वाटेची गंमत आणखी निराळी. लोक वीस वर्षे एखाद्या वाटेने अखंड चालले, की ती सार्वजनिक झाली असे तिथला कायदा सहसा धरून चालतो. म्हणजे आपली वहिवाटच की! मात्र ते चालणे जबरदस्तीचे नको, चोरून नको आणि (हे मला फार आवडले) परवानगी घेऊनही नको. परवानगी मागितलीत की हक्क बुडाला.

मग व्हिसा घेऊन आलेल्या माणसाने काय करायचे? पुतण्याला तिथे बावीस वर्षे झाली. त्याला फाटके पाठ आहेत, कुठल्या पबात चिखलाचे बूट चालतात ते ठाऊक आहे. काउंटरवर न दिसणाऱ्या रांगेतला आपला नंबरही त्याला बरोबर कळतो. मला अजून तिथे रांग आहे हेच कळलेले नाही.

पबात शेजारच्या आजोबांनी अगदी प्रेमाने विचारले, "तुम्ही कुठले?"

"चेस्टरफील्डचा."

"हो, पण मूळचे?"

"साताऱ्याचा."

"वा! छान," आजोबा म्हणाले. त्यांचे समाधान झाले. पुतण्या मात्र जरा वेळ गप्प होता.

"काका, वीस वर्षं कधीपासून मोजायची हो?" त्याने विचारले.

मी लिंबाच्या सरबतात बघत राहिलो. आजोबांचा कुत्रा तेवढ्यात येऊन त्याच्या चिखलाळ बुटांवर हनुवटी टेकून झोपला. पुतण्याने पाय हलवला नाही. पुढची फेरी आणायची पाळी त्याची होती, ती मी आणली.